कुटुंबाचे आरोग्य : फोटो कधी काढावा, कधी नको

हमाली करणाऱ्या बांधवाची कंबर धरते, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीची पाठ दुखते. लगेच कोणीतरी सांगतो, "एमआरआय काढून घ्या." मग कानातले गहाण पडते. आम्ही वाचकांना सांगतो, घाई करू नका. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते, तिला फोटो लागत नाही. मात्र पायातली शक्ती गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, सोबत ताप आला किंवा पडून मार लागला, तर एक दिवसही थांबू नका.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे टाळू नका. तिथली काटकसर अंगाशी येते.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. सिटी स्कॅनमध्ये असतात, तेही छातीच्या साध्या एक्स-रेच्या कित्येक पट. म्हणून विचारा, "डॉक्टरसाहेब, या फोटोने उपचारात काय बदल होईल?" दिवस गेल्याची शंका असल्यास भगिनींनी आधीच सांगावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

खरी गरज असेल तर पैशापायी अडू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत केल्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. आणि जुने फोटो, रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे तोच खर्च पुन्हा होणार नाही.