गाळ निघाला, पण तळं सांभाळणार कोण?

उन्हाळ्यात तळं आटलं की गावाला दोन कामं सुचतात, मासे धरायचं आणि गाळ उचलायचं. आज गाळाबद्दल लिहितो, पण शेजारच्या तेलंगणातल्या. आपण नांदेड जिल्ह्यातली सीमेवरची माणसं. १९४८ पर्यंत दोघंही निजामाच्या राज्यात होतो, १९५६ ला राज्यं वेगळी झाली. सोयरपण मात्र तुटलं नाही, त्यामुळं तिकडं काय चाललंय ते घरबसल्या कळतं.

तिकडची जमीन बरीचशी लाल, हलकी. तिला चलका म्हणतात. पाणी धरत नाही, चार दिवस ऊन पडलं की पीक माना टाकतं. नद्या खोल, शेतं उंचावर. म्हणून काकतीय राजांनी सात-आठशे वर्षांपूर्वी ओढ्या-नाल्यांवर तळी बांधली. रामप्पा, पाखाल, लकनवरम ही मोठी नावं, पण खरी ताकद गावोगावच्या लहान तळ्यांची. वरचं तळं भरलं की सांडव्याचं पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या, अशी माळच्या माळ.

तळ्यावर नीरडी नावाचा माणूस असायचा. तूम उघडायचा, बंद करायचा, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी ते बघायचा. गाव त्याला धान्य द्यायचं. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच, पण गावाला बांधील. तळ्यावर नुसता शेतकरी जगत नव्हता. मासे धरणारे, कुंभार, धोबी, शिंदीवाले, म्हशीवाले, सगळ्यांचा उन्हाळा त्यावर निघायचा. बतुकम्माची फुलंसुद्धा तळ्यातच सोडतात.

मग बोअर आले. ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात. तळ्याकडं बघायला कोणी उरलं नाही. येणारे नाले बुजले, पोटात अतिक्रमणं झाली, गाळ साचला. नीरडीचं कामही मागं पडलं.

वेगळ्या तेलंगणाच्या चळवळीत पाणी हा पहिला मुद्दा होता. पाणी, पैसा, नोकऱ्या ही त्यांची घोषणाच होती. २ जून २०१४ ला राज्य झालं आणि मार्च २०१५ मध्ये निजामाबाद भागातूनच मिशन काकतीय सुरू झालं. ४६ हजारांच्या वर तळी टप्प्याटप्प्यानं दुरुस्त करायची असं ठरलं. गाळ सरकारनं काढायचा, शेतकऱ्यानं आपल्या ट्रॅक्टरनं न्यायचा. सगळी तळी झाली नाहीत आणि ठेकेदारीच्या तक्रारीही झाल्या. तरी त्या उन्हाळ्यांत ट्रॅक्टरची रीघ लागलेली आम्ही डोळ्यांनी बघितली. बोधनकडच्या आमच्या सोयऱ्यानं दोन एकर चलक्यात गाळ टाकला. तो सांगतो, पाण्याची पाळी आठवड्यावरनं दहा दिवसांवर गेली.

१ जानेवारी २०१८ पासून तिथं शेतीला चोवीस तास फुकट वीज मिळायला लागली. आपल्याकडं लोक याचंच कौतुक करतात. माझं म्हणणं, वीज पाणी उपसते, पाणी आणत नाही. तळ्यानं जमिनीत मुरवलं नसतं तर बोअर लवकरच कोरडे पडले असते. कौतुक करायचं तर आधी तळ्याचं करा.

पण राजकारणाला लहान काम पुरत नाही. तळ्याच्या बांधावर केवढा फलक लावणार? पुढं सगळा जोर कालेश्वरमवर गेला. ८० हजार कोटींपेक्षा जास्त खर्चाची योजना. २०१९ ला मेडिगड्डा बंधाऱ्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. डिसेंबरमध्ये सरकार गेलं. सरकार जायला कारणं अनेक असतात, पण हा बंधारा प्रचारात गाजला होता. आपल्या सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर त्याच्या फुगवट्यानं जमिनी बुडाल्याचं दुःख सोसलं.

मोठी धरणं नकोतच असं मी म्हणत नाही. भातवाल्या पट्ट्याला श्रीरामसागर लागतोच. पण एक लहान तळं फुटलं तर एका गावाचं नुकसान होतं, एक मोठा बंधारा खचला तर सगळ्या योजनेवर बोट येतं. मोठ्यासाठी लहान सोडून देऊ नये, एवढंच.

आता आपल्याकडं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे. अल्प व अत्यल्प भूधारकाला एकरी १५ हजारांपर्यंत, अडीच एकराच्या मर्यादेत, गाळ वाहून न्यायला अनुदान आहे. म्हणजे पैशाची सोय आहे. पण आमच्या भागात एका पाझर तलावावर काय झालं? ज्याचं स्वतःचं जेसीबी त्याच्या शेतात आधी गाळ, आणि लहान शेतकऱ्याची पाळी आली तोवर मृग लागला. वर बांधाच्या पायथ्याशीच खोल खड्डा मारला. अशानं बांध खचतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. नाल्याच्या तोंडाशी रेताड गाळ असतो, बांधाकडं बारीक. हलक्या, मुरमाड रानाला बारीक गाळ द्या, भारी काळ्या रानात मुळीच टाकू नका, निचरा बिघडतो. टाकण्याआधी गाळाची तपासणी करा, क्षार जास्त असले तर नको. आणि तळाचा कठीण थर खरवडू नका, बांधापासून अंतर सोडून खोदा.

पण खरा मुद्दा नीरडीचा आहे. तेलंगणात सरकारनं तळं दुरुस्त केलं, नीरडी मात्र परत आणला नाही. आपणही तेच करतोय. गाळ तीन-चार उन्हाळ्यांत परत येणार, येणारे नाले परत बुजणार. गावानं माणूस नेमला नाही तर दर वेळी मशीनवाल्याच्या आणि पुढाऱ्याच्या दारात उभं राहावं लागेल.

या महिन्यात ग्रामसभा असेल तर दोनच ठराव मांडा. गाळ वाटपाची यादी फलकावर लागावी, लहान शेतकरी वर. आणि तलावाला पगारी राखणदार असावा, पाणी घेणाऱ्यांनी वर्गणी द्यावी. एकरी शंभर-दोनशे रुपयांनी कोणी भिकेला लागत नाही. कृषी खात्यातली जी मंडळी हे पान वाचतात, त्यांनी गाळ तपासणीचा एक दिवस तलावावरच ठेवावा. पाऊस यायच्या आत.