शब्द घोकू नका, आठवा!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास घडते. मी 'मोमेंटम म्हणजे काय?' असे विचारतो आणि मराठी माध्यमातून आलेली मुले माना खाली घालतात. त्यांचा पायाच कच्चा आहे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. एकदा सहज 'संवेग' म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी चटकन म्हणाली, 'वस्तुमान गुणिले वेग!' तिला पदार्थविज्ञान येत होते. नवा होता तो केवळ शब्द. चूक माझी होती.

अशा शब्दांना भिऊन विज्ञान शाखा सोडणारी मुले मी पाहिली आहेत. म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो. परभाषेतील शब्द शिकणे हा बुद्धीचा नव्हे, पद्धतीचा प्रश्न आहे.

आपण काय करतो? परीक्षेच्या आदल्या रात्री यादी पुन्हा पुन्हा वाचतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, मग मंदावतो, असे त्यांना आढळले. त्यांच्या एका प्रयोगात सलग केलेल्या 68 आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी साधले. 30 आवृत्त्यांचे श्रम वाचले!

दुसरी गोष्ट आठवण्याची. अर्थ समोर ठेवून वाचला की शब्द ओळखीचा वाटतो. पण ओळखणे म्हणजे येणे नव्हे. अर्थ झाकून मनाला थोडा ताण दिला, म्हणजे तो पक्का होतो.

या दोन्ही गोष्टी साधणारी युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली आपल्या जर्मन पुस्तकात सांगितली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. एकीकडे 'रिफ्रॅक्शन' लिहा. पाठीमागे 'अपवर्तन' आणि 'पाण्यातली काठी वाकडी दिसते' असे स्वतःचे वाक्य. बुटांच्या खोक्यात तीन खण करा. पहिला खण रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने तपासा. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या खणात जाईल. चुकला तर पुन्हा पहिल्या खणात. दिवसाला दहा नवे शब्द पुरेत. गायमुखच्या वाहतूक कोंडीत बस अडकली, तर तेवढ्या वेळात हे काम सहज उरकते!

शब्दांची कुळेही पाहा. 'रिफ्रॅक्शन', 'फ्रॅक्चर' आणि 'फ्रॅक्शन' या तिन्हींच्या मुळाशी 'मोडणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. एक समजला की बाकीचे सोपे होतात.

याच रस्त्याच्या टोकाशी असलेला घोडबंदरचा किल्ला 1737 सालापर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यांचे 'चावी', 'बादली', 'पगार' हे शब्द आपल्या पूर्वजांनी यादी करून घोकले नाहीत. वस्तू रोज हाताळली, शब्द रोज लागला, आणि तो मराठीच होऊन गेला.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. काही दिवस प्रश्न दोन्ही शब्दांनी विचारा. 'संवेग' टाकून द्यायचा नाही. त्याच खुंटीला 'मोमेंटम' टांगायचा आहे.

माझ्या शब्दावर मात्र विसंबू नका. वीस नवे शब्द घ्या. दहा एका बैठकीत घोका, दहा चिठ्ठ्यांनी शिका. दोन्हींना एकूण वेळ सारखाच द्या आणि शेवटच्या उजळणीनंतर आठ दिवसांनी स्वतःची परीक्षा घ्या. निकाल तुमच्या वहीतच दिसेल.