आधी उतरण्याची वाट

डोंगरउतारावरचा वणवा वर धावतो. ज्वाळा चढाकडे झुकतात, वरचे गवत आधीच तापते आणि उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. जळके ओंडके आणि सुटलेले दगड वरून गडगडत येतात ते वेगळेच. अशा जागी हिरवी डहाळी किंवा ब्लोअर घेऊन चढणारा वनमजूर जायबंदी होणार, हे उघड आहे. तरी त्याला खाली कसे आणायचे, याचा विचार आपल्याकडे अपघातानंतरच सुरू होतो.

एप्रिल २०२१ मध्ये गोंदियाच्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चौघे जागीच गेले, चौघे गंभीर भाजले. त्या जखमींना आधी हल्द्वानी आणि मग थेट दिल्ली गाठावी लागली. अधिकारी निलंबित झाले, मदत जाहीर झाली. पण निलंबनाने पुढच्या जखमीसाठी स्ट्रेचर येत नाही.

जुलै २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्ता-ट्रिनिटी जंगलात झाड अंगावर पडून अठरा वर्षांच्या एका अग्निशामकाचा पाय मोडला. हेलिकॉप्टरने उचलूनही त्याला बाहेर आणायला तीन तासांहून अधिक वेळ गेला आणि रक्तस्रावाने त्याचा जीव गेला. तिथल्या यंत्रणेने त्यातून धडा घेतला. आता तुकडी कामाला लागण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे ठरलेली असावी लागतात : कुणी जखमी झाले तर काय करणार? त्याला बाहेर कसे काढणार? रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल?

हे प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. उत्तरांसाठी मात्र तयारी लागते. आपली १०८ रुग्णवाहिका रस्ता संपला की थांबते. तिथून वर चौघांनी झोळी उचलून भागत नाही. तीव्र उतारावर एका स्ट्रेचरला सहा-आठ माणसे आणि तेवढीच बदली लागतात. म्हणून प्रत्येक तुकडीत रक्तस्राव थांबवणारा पट्टा, भाजल्यावरचे ड्रेसिंग, घडीचे स्ट्रेचर आणि वायरलेस हवा. जवळचा भाजलेल्यांचा कक्ष कुठे आहे, हे वनरक्षकाला तोंडपाठ हवे. कड्याखालून माणसे वर काढणारी लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी पथके राज्यात आहेत, वन विभागाने त्यांच्याकडून प्रशिक्षण घ्यावे. हंगामी मजुरालाही ते मिळाले पाहिजे, कारण आगीला सर्वांत आधी तोच भिडतो.

त्या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर चढूच नये. ‘मग जंगल जळेल’, असा आक्षेप येईल. काही हेक्टर जळेलही. आग जाळरेषेवर, म्हणजे आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, अडवावी. पावसाळ्यात गवत पुन्हा उगवते, घरचा कर्ता माणूस परत येत नाही. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी या तीन उत्तरांचा लेखी आराखडा प्रत्येक वनपरिक्षेत्राकडून वन विभागाने मागवावा आणि तो नसलेल्या ठिकाणी माणसे वर धाडणाऱ्या अधिकाऱ्याला जबाबदार धरावे.