कळंब्याचा चिखल वाचवा

कोल्हापूरकरांनो, एक मागणं आहे. कळंबा तलावाच्या वरच्या अंगाला, कात्यायनीच्या डोंगराकडून ओढे येऊन मिळतात त्या बाजूला, जो उथळ चिखल आहे तो तसाच राहू द्या. त्यावर भराव टाकू नका, दगडी पिचिंग करू नका, वॉकिंग ट्रॅक काढू नका, हायमास्ट दिवे उभे करू नका. तलाव वाचवा म्हटलं की सगळे माना डोलावतात. चिखल वाचवा म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. तलाव जातो तो मात्र नेहमी त्या कडेपासूनच, हे इतक्या वर्षांत आम्ही डोळ्यांनी बघत आलोय.

थंडीच्या दिवसांत आम्ही काही जण लोकांना पक्षी दाखवायला नेतो. शाळेची मुलं असतात, नोकरदार असतात, निवृत्त झालेले काका-मावशी असतात. पहाटे कळंबा, उन्हं चढली की रंकाळा, संध्याकाळी राजाराम तलाव असा दिवस ठरलेला. बांधावर उतरल्या उतरल्या सगळ्यांच्या दुर्बिणी तलावाच्या मध्यावर जातात, कारण मोठं आणि ठळक तिथंच दिसतं. काळे वारकरी पाण्यावर धावत उडतात, हळदीकुंकू बदकांच्या जोड्या संथ फिरत असतात. ते बघून झालं की आम्ही सगळ्यांना कडेला नेतो आणि ओंजळभर चिखल तळहातावर घेतो. थोडं पाणी ओतून तो पसरला की त्यात लालभडक बारीक अळ्या वळवळताना दिसतात, राईएवढे शंख दिसतात, कधी चतुराचं पाण्यातलं पिल्लू निघतं. नाक मुरडणारी मुलंच मग सगळ्यात पुढं येऊन वाकतात.

हे ताट ज्यांच्यासाठी वाढलंय ते समोरच असतात. शेकाट्याचे गुलाबी पाय लांब, म्हणून तो जरा आत पाण्यात उतरतो. तुतवार आखूड पायांचा, तो अगदी ओल्या कडेवरून शेपटी वरखाली करत फिरतो. त्याच्या मागं कोरड्या होत चाललेल्या पट्ट्यात धोबी पळत असतो. दोन-चार बोटं पाण्याचा फरक, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. यांतले तुतवार आणि बरेचसे धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून मध्य आशियातून येतात. ज्या वाटेनं ते येतात तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग 30 देशांवरून जातो. एवढं अंतर कापून आलेल्या पाखराला इथं हवी असते फक्त चार बोटं पाण्याखालची मऊ माती. तिथं सिमेंट आलं की त्याच्या दृष्टीनं तलाव भरलेला असला काय आणि आटलेला असला काय, सारखंच.

रंकाळ्यावर फिरायला जाता तेव्हा हे स्वतः पडताळून बघा. जिथं दगडी भिंत थेट पाण्यात उतरते तिथं किती पाखरं आहेत, आणि जिथं गवत, लव्हाळा, पाणकणीस उरलंय तिथं किती आहेत. त्या पाणकणसातच जांभळी पाणकोंबडी कोवळा देठ पायाच्या बोटांत धरून सोलून खाताना दिसेल. तिथंच टिबुकलीचं तरंगतं घरटं असतं. कुजक्या पाणवनस्पतींचा नुसता ढीग वाटतो तो. माणूस जवळ आला की टिबुकली अंड्यांवर झटपट ओला पाला ओढते आणि बुडी मारून नाहीशी होते. जलपर्णी काढायची म्हणून आपण मशीन लावतो, ते योग्यच आहे. केंदाळानं झाकलेला आणि शेवाळानं हिरवा पडलेला रंकाळा आपण पाहिलाय आणि तो पुन्हा बघायचा नाही. पण केंदाळ वेगळं आणि कडेचं पाणकणीस वेगळं. मशीन चालवणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सरसकट ओरबाडलं जातं आणि घरटी त्या ढिगाऱ्याबरोबर ट्रॉलीत जातात.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यात राधानगरी अभयारण्य आहे, दाजीपूरच्या गव्यांसाठी 1958 पासून ते राखीव आहे, 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. तिथं वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे. शहरातल्या तलावांना असं कवच नाही. पाणथळ जागांसाठी केंद्रानं 2017 मध्ये नियम केले, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं मुद्दाम बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळले. कळंबा संस्थानकाळात बांधला तो शहराला पाणी द्यायलाच. म्हणजे ज्या उपयोगासाठी आपल्या पूर्वजांनी तो राखला, त्याच उपयोगामुळं तो या नियमांच्या बाहेर पडतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वं लावायला सांगितली होती, हा आधार आहे. पण कुठल्या तलावाची कड कशी आहे, तिथं काय जगतं, याची नोंद कुणी तरी समोर ठेवल्याशिवाय असा आधार कागदावरच राहतो. ती नोंद आपण ठेवायची आहे.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. तिच्यात भाग घ्यायला पदवी लागत नाही. दुर्बीण, वही आणि ओळखणारा एक माणूस सोबत असला की झालं. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांनी त्या आठवड्यात चित्रकला स्पर्धा जरूर घ्याव्यात, पण एक सकाळ तरी मुलांना तलावावर आणावं. ज्या मुलानं तळहातावर अळी वळवळताना बघितली, ते मोठं होऊन भरावाचा डंपर बघून गप्प बसणार नाही, अशी माझी खात्री आहे.

विरोधातले मुद्दे मला ठाऊक आहेत आणि मी ते झटकून टाकत नाही. सकाळी फिरायला सुरक्षित जागा हवी, विशेषतः बायकांना आणि वयस्करांना. हवीच. त्यासाठी बांधाची बाजू आहे. तिथं बाकं, दिवे, स्वच्छतागृह सगळं चांगलं करा. पण तलावाला पूर्ण फेरा घालणारा ट्रॅक कशाला? बदकं बरीचशी रात्री चरतात. चारी बाजूंनी झगझगीत उजेड पडला तर त्यांनी जायचं कुठं? दुसरा मुद्दा डासांचा आणि वासाचा. तो येतो सांडपाण्यातून. ओढ्यातून येणारं गटाराचं पाणी अडवा, शुद्ध करा, त्यासाठी आम्ही तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू. जिवंत कडेतले मासे आणि चतुरांची पिल्लं डासांच्या अळ्याच खातात.

आणि महापुराचं काय? 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. ओढ्यांची तोंडं, तळ्यांच्या कडा, सखल रानं ही पावसाचं पाणी पसरायची जागा आहे. ट्रॉलीमागून ट्रॉली मुरूम टाकून तिथं प्लॉट पाडले की ते पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जातं. पाखरांबद्दल काही वाटत नसेल त्यांनी निदान एवढं तरी मनात घ्यावं.

हे होण्यासारखं आहे. गणपतीचं विसर्जन पंचगंगेत आणि रंकाळ्यातच व्हायला हवं, असं वाटणारं हेच शहर इराणी खणीकडं वळलं, मूर्तिदान आणि निर्माल्यदान इथं रुजलं. श्रद्धेच्या गोष्टीत जे जमलं ते सुशोभीकरणाच्या आराखड्यात का जमू नये?

तेव्हा करायचं ते असं. तलावाच्या कामाची निविदा निघाली की आपल्या नगरसेवकाकडं, ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन आराखड्याचा नकाशा मागा. ओढा येऊन मिळतो ती उथळ बाजू नैसर्गिक ठेवली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नसेल तर हरकत नोंदवा. डंपर माती टाकताना दिसला तर तारखेसह फोटो काढा. तिथं कोणते पक्षी दिसले ते ई-बर्डवर मराठी नावासकट नोंदवा, म्हणजे हरकतीला पुरावा जोडता येईल. आणि ज्यांनी अजून कळंब्याची ती बाजू बघितलेलीच नाही त्यांनी येत्या थंडीत या की. उजाडायच्या आत बांधावर जमायचं, अंगात मातकट रंगाचे कपडे, पायात चिखलात चालणारे बूट, स्पीकर आणि ड्रोन घरी. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्यातली देऊ.