दिसणारा गंज परवडतो, झाकलेला नाही

गेल्या आठवड्यात मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एकामागोमाग अकरा फोटो टाकले. दीडशे सीसीची बाइक, २०१९ चं मॉडेल, मालक एकच, मागणी ६२ हजार. खाली प्रश्न: "दादा, सायलेन्सर पार तांबडा झालाय. सोडून देऊ का?" पाठोपाठ दुसरी लिंक. तेच मॉडेल, तेच वर्ष, एकदम चकाचक, ६८ हजार. "मग ही घेऊ?"

त्याची चाकणला पहिलीच नोकरी आहे. दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते, म्हणून गाडी हवीच. मावशीने ६५ हजार बाजूला काढून ठेवलेत, त्यातच गाडी, ट्रान्सफर आणि इन्शुरन्स बसवायचा. गाडी फसली तर दुसरे ६५ हजार नाहीत.

मी मेकॅनिक नाही, कोड लिहून पोट भरतो. पण २०२१ मध्ये मीही अशीच चकाचक गाडी घेतली होती. चासी इतकी काळीभोर की वाटलं, मालकाने जिवापाड जपलीय. पहिला पावसाळा संपता संपता साइड स्टँड जिथे चासीला वेल्ड केलेला असतो तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटला, आणि एका सकाळी गाडी पार्किंगमध्ये आडवी. आत पत्रा कुरतडलेला होता, वरून स्प्रे मारलेला. वेल्डिंग, रंग, तुटलेला आरसा आणि लिव्हर धरून साडेसहा हजार गेले. म्हणून भावाला म्हटलं, थांब, दोन्ही गाड्या बघून येऊ.

आधी भावाचं बोलू, कारण सध्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक गंमत चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ज्या गाडीची करापूर्वीची किंमत एक लाख, ती १ लाख २८ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर आली. रोड टॅक्सही किमतीच्या टक्क्यांत असतो, त्यामुळे तोही थोडा उतरला. पण जुनी गाडी विकणारा किंमत कशी ठरवतो? आपलं जुनं बिल बघून आणि अ‍ॅपवर इतरांनी काय मागितलंय ते बघून. म्हणजे नवी स्वस्त झाली तरी जुनीची मागणी कालच्याच भावाची. बोलणी करताना शोरूमची आजची ऑन-रोड किंमत फोनवर उघडी ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी गोष्ट कराची. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने जुन्या गाड्यांवरचा कर सरसकट १८ टक्के केला, तेव्हा बराच गोंधळ उडाला होता. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या मार्जिनवर आहे, पूर्ण किमतीवर नाही. डीलरने ५० हजाराला घेतलेली गाडी ६० ला विकली, तर कर दहा हजारांवर, म्हणजे १,८०० रुपये. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला आपली गाडी विकली तर काहीच नाही. चकाचक गाडीवाल्याने भावाला "६८ प्लस जीएसटी" सांगितलं होतं आणि हिशेब केला होता पूर्ण ६८ वर, म्हणजे वर १२ हजार २४०! नियम दाखवल्यावर तो हसला आणि म्हणाला, "बघू ना, बसून बोलू."

आता गंज. आपण सगळे गाडी आधी स्क्रीनवर बघतो, आणि फोटोत काय दिसतं? क्रोम, सायलेन्सर, टाकीचा रंग. गंज इथे दिसला की आपण लगेच स्क्रोल करतो, त्यामुळे या जागांवरचा गंज गाडीचा भाव पाडतो. आणि बहुतेक वेळा हाच गंज निरुपद्रवी असतो. धोक्याचा गंज असतो चिमट्याखाली, बॅटरीच्या ट्रेमध्ये, स्टँडच्या वेल्डवर, टाकीच्या आत. तो फोटोत येत नाही, म्हणून त्याचा भावही कापला जात नाही. बाजार चकाकीला पैसे देतो. आपल्याला फायदा करून घ्यायचा तो याच चुकीचा.

तांबड्या सायलेन्सरवाली गाडी चिंचवडला होती. नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी. एमपरिवहन अ‍ॅपवर बघितलं तर नोंदणीही तिथलीच. काका बँकेत आहेत, बदली होऊन इकडे आले. समुद्राकाठी पाच वर्षं उभी राहिलेली गाडी तांबडी होणारच. खाऱ्या हवेतलं मीठ धातूवर बसतं, हवेतला ओलावा ओढतं आणि पृष्ठभाग ओलसर ठेवतं. मीठ विरघळलेल्या पाण्यातून विद्युतभार सहज फिरतो, त्यामुळे लोखंड, पाणी आणि ऑक्सिजनचा खेळ साध्या पाण्यापेक्षा बराच वेगाने चालतो. क्रोम स्वतः गंजत नाही. तो अतिशय पातळ थर असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, तिथून पाणी खालच्या पोलादापर्यंत पोचतं. हँडलवर, मडगार्डवर जे तांबडे ठिपके दिसतात ते हेच.

काकांनी काहीच लपवलं नाही. "धुतली पण नाही हो मुद्दाम, बघून घ्या," म्हणाले. आम्ही मग गाडीखाली आडवेच झालो. फोनचा टॉर्च लावून सगळीकडे व्हिडिओ काढला, कारण वाकून डोळ्यांना जे दिसत नाही ते फोन आत सरकवून झूम केलं की दिसतं. फ्रिजवरचं एक चुंबक फडक्यात गुंडाळून टाकीवर फिरवलं. टाकी पत्र्याची असेल तर ते सगळीकडे सारखं चिकटतं, आणि जिथे पुट्टीचा जाड थर असतो तिथे पकड एकदम ढिली पडते. इथे सगळीकडे चिकटलं.

चिमट्यावर तपकिरी भुकटी होती. बोटाने पुसली तर खाली पत्रा गुळगुळीत. हाच खरा फरक आहे. भुकटी पुसून खाली सपाट धातू लागला तर तो वरवरचा गंज. खड्डे लागले, पापुद्रे सुटले किंवा किल्लीच्या टोकाने हलकं दाबल्यावर पत्रा आत गेला, तर गाडी सोडा, कितीही स्वस्त असो. स्टँडचं वेल्ड आणि हँडलखालच्या मानेचं वेल्ड इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवला. (कारण वर सांगितलंच आहे.) मानेजवळ कोरलेला चासी नंबर स्पष्ट वाचता आला, आरसीशी जुळला. तो गंजाने किंवा घासल्याने अस्पष्ट असेल तर ट्रान्सफरच्या वेळी पेन्सिल प्रिंट घेताना अडचण येते, आणि घासलेला असेल तर तो मुळात गंजाचा विषयच नाही.

ब्रेक डिस्कवर रात्रीतून आलेला तांबूस थर चार ब्रेक मारले की जातो, त्याकडे बघूही नका. इंजिनच्या कव्हरवरची पांढरी पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, दिसायला वाईट, बाकी फार काही नाही. पण पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या मात्र नीट बघा. नखाला अडेल असा एक खड्डा जरी सीलच्या फिरण्याच्या पट्ट्यात असला, तरी तो प्रत्येक खड्ड्याला ऑइल सील कापतो. मग ऑइल गळतं, कधी ब्रेकवरही उतरतं. काकांच्या गाडीत डाव्या नळीवर असा एक ठिपका सापडला. दिसायला मोहरीएवढा, पण सगळ्या तांबड्या सायलेन्सरपेक्षा महाग.

टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारलाच पाहिजे, आणि सध्या तर जास्तच. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण २०२५ मध्ये गाठलं गेलं. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि तळ आतून गंजायला लागतो. २०१९ ची गाडी ई-२० डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही. काही जुन्या गाड्यांत रबरचे भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल सतत बदलत असतं, तिथे मला फार भीती वाटत नाही. "वर्षभर घराखाली उभी होती, फक्त पाच हजार किलोमीटर" ही जाहिरात मात्र मला आता कौतुकाची वाटत नाही.

दुसरी, चकाचक गाडी. जवळ गेल्यावर डिझेलचा वास. डिझेल फवारलं की जुनं प्लास्टिक, इंजिन, चासी सगळं दोन दिवस नव्यासारखं चमकतं. चिमटा नुकताच काळा केलेला, आणि घाई इतकी की बोल्टच्या डोक्यांवर, वायरिंगच्या रबरावरही काळा स्प्रे. बॅटरीखाली भावाने नख लावलं तर रंगाचा तुकडाच हातात आला. कदाचित आत सगळं ठणठणीत असेलही. पण ते कळायला रंग खरवडावा लागतो, आणि तसं कोणी करू देत नाही. आम्ही निघालो.

काकांकडे परत गेलो तेव्हा यादी तयार होती: डावी नळी आणि दोन्ही सील, चेन-स्प्रॉकेट, मागचे आरे. दोन गॅरेजमध्ये फोन करून खर्च विचारला होता. सायलेन्सरबद्दल मी स्वतःहून काही बोललो नाही, पण काकांनीच तो धरून भाव कमी केला. ५४ हजारांत ठरलं. सही करण्याआधी अ‍ॅपवर चलान तपासलं, आरसीवर कर्जाचा बोजा नाही हे बघितलं.

रविवारी सायलेन्सर थंड असताना तारेच्या ब्रशने घासून उष्णता सहन करणारा काळा स्प्रे मारला. क्रोमला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतं म्हणून ओरखडे पडत नाहीत, आणि गंज निघतो. छिद्रं राहतात, ती कुठे जात नाहीत, म्हणून वर मेण लावलं. ते पावसाळ्यात दर महिन्याला लावावं लागेल हे त्याला सांगून ठेवलंय. इंजिन कव्हरला स्टील वूल लावू दिलं नाही, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि मग तेच गंजतात.

संध्याकाळी त्याचा फोटो आला. फ्लॅश मारून, अगदी जवळून. "दादा, मडगार्डच्या आतून अजून एक ठिपका सापडला. पुसून बघितलं, खाली गुळगुळीत आहे."