नकाराला कारण हवे

फाळणीत सिंधमधून उखडल्या गेलेल्या हिंदूंनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत नव्याने संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिलेल्यांना संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने अर्जाविनाच नागरिक मानले. त्यानंतर येणाऱ्यांच्या वाट्याला मात्र अर्ज, चौकशी आणि प्रतीक्षा आली.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ठाण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मार्ग आणखी सुकर केला. ही पावले स्वागतार्हच होत. परंतु ज्याचा अर्ज फेटाळला जातो, त्याचे काय?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम १४ सांगते की, नोंदणीचा वा देशीयकरणाचा अर्ज नाकारताना कारण देण्याचे बंधन नाही. कलम १५ अधिकाऱ्याच्या अशा आदेशाविरुद्ध ३० दिवसांत केंद्राकडे पुनरीक्षण मागण्याची मुभा देते. पण कारणच ठाऊक नसेल, तर दाद मागायची कशाविरुद्ध? जन्मदाखल्यातील नावाच्या फरकाविरुद्ध, मुदत संपलेल्या पारपत्राविरुद्ध, की चौकशी अहवालातील एखाद्या ओळीविरुद्ध?

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या तुर्कस्तानातील कुर्दाचा अर्ज फेटाळला गेला, तर त्याला कारणे लेखी मिळतात. सर्वसाधारणपणे १४ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येते. ब्रिटनशी त्याचे ना रक्ताचे नाते, ना इतिहासाचे. सिंधमधून येणारा हिंदू तर आपल्याच घरी परतत असतो. मग त्याच्या पदरी मौन का पडावे?

पाकिस्तानातून येणाऱ्या प्रत्येकाची कसून तपासणी व्हायलाच हवी. देशाच्या सुरक्षेशी तडजोड नाही. सुरक्षेचा तपशील खुशाल गोपनीय राहो. पण कागदपत्रांतील त्रुटी गोपनीय ठेवण्याने कोणती सुरक्षा साधते? कलम १४ मध्ये दुरुस्ती करून प्रत्येक नकार सकारण करावा.

तोवर उल्हासनगर, अंबरनाथ, बुवापाडा येथील कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. अशा कुटुंबाच्या हाती नकाराचा आदेश पडताच त्यावरील तारीख पाहावी, अर्जाची प्रत व पुरावे जुळवावेत आणि जाणत्या वकिलाशी त्याची गाठ घालून द्यावी. ३० दिवस बघता बघता सरतात. ज्या गावाची उभारणीच निर्वासितांच्या हातांनी झाली, त्या गावाने नंतर आलेल्या बांधवांसाठी एवढे करणे हे कर्तव्यच आहे.