विश्लेषण : कर्करोगाचा फैलाव रोखणारे मायक्रोआरएनए औषध कुठे अडले?

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळाले आणि मायक्रोआरएनए हा शब्द बातम्यांत आला. शोध मात्र १९९३ चा, तोही जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीतला. सुमारे २२ अक्षरांचा हा आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून तो निरोप दाबून टाकतो.

कर्करोगात रुग्ण दगावतो तो बहुतेकदा मूळ गाठीमुळे नव्हे, तर रोग फुप्फुस, यकृत, हाडांत पसरल्यामुळे. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवले की, स्तनाच्या कर्करोगात ‘एमआयआर-१०बी’ वाढला तर एरवी न पसरणारी गाठही पसरू लागते. २०१० मध्ये उंदरांत तो रोखण्यात आला. फुप्फुसात पसरलेल्या गाठी घटल्या, मूळ गाठ मात्र तशीच राहिली! म्हणजे गाठ वाढणे वेगळे आणि पसरणे वेगळे.

मग माणसासाठी औषध का नाही? एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांना आवर घालतो. त्याला हात लावला की नको तिथेही परिणाम होऊ शकतो. कर्करोगाला लगाम घालणाऱ्या ‘एमआयआर-३४ए’ची कृत्रिम प्रत ‘एमआरएक्स३४’ या नावाने रुग्णांना देऊन पाहिली गेली. रोगप्रतिकारक यंत्रणा बिथरली, चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. रक्तातील मायक्रोआरएनए मोजून रोगाचा माग काढण्याचे प्रयत्न त्यामानाने सुरक्षित. त्यात शरीरात काही सोडावे लागत नाही.